नागीण आणि कांजिण्या : एका विषाणुकुलाची लोकनामे व सार्वजनिक आरोग्य

रोगाला समाज जे नाव देतो त्यात त्या रोगाविषयीची एक उपपत्तीच दडलेली असते. रोग कोठून आला, तो कसा वागतो आणि त्याच्यापुढे माणसाने काय करावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नाव उच्चारताच गृहीत धरली जातात. अंगावर उठलेल्या फोडांना 'देवी' म्हटले की उपाय पूजेचा ठरतो. कमरेवर उठलेल्या पुटकुळ्यांच्या पट्ट्याला 'नागीण' म्हटले की उपाय मंत्राचा ठरतो. म्हणूनच रोगनामांचा अभ्यास हा एकट्या कोशकाराचा विषय राहत नाही. आरोग्यसेवकालाही तो टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात हर्पिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणुकुलाचा विचार या दृष्टीने केला असून त्यासाठी पालघर व बोईसर-तारापूर हा परिसर समोर ठेवला आहे.

या परिसराची निवड सकारण आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यापासून वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड, वाडा, जव्हार व मोखाडा हे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार या आठ तालुक्यांची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. किनाऱ्याला मांगेली व वाडवळी, वसईकडे सामवेदी, डोंगराकडे वारली, कोकणा व कातकरी, उत्तर सीमेवर गुजराती, असे येथील भाषिक चित्र आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला; त्यात जुन्या ठाणे जिल्ह्यातील अशा काही बोलींची दखल घेतलेली आहे. पुढे १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इत्यादी प्रांतांतून आलेल्या कामगारांच्या भाषांची त्यात भर पडली. परिणामी, येथील एकाच दवाखान्याच्या ओट्यावर एकच रोग चार भाषांत सांगितला जाणे ही नित्याची शक्यता आहे.

विषाणूंचे हे कुल

माणसाला बाधणारे हर्पिस-कुलातील विषाणू आठ मानले जातात. त्यांपैकी सहाव्याचे दोन प्रकार स्वतंत्र धरल्यास ते नऊ होतात. पहिला मुख्यतः ओठांच्या कडेला पुटकुळ्या आणतो, दुसरा मुख्यतः जननेंद्रियांवर. तिसरा कांजिण्या व नागीण या दोहोंचे कारण होय. चौथा 'एपस्टाइन-बार' हा १९६४ साली लंडनमधील संशोधकांना एका कर्करोगाच्या पेशींत दिसला. पाचव्याचे नाव 'सायटोमेगॅलो'. उरलेल्यांपैकी सहावा व सातवा बालकांच्या ज्वराशी, तर आठवा 'कापोसी' नावाच्या अर्बुदाशी संबंधित आहे.

रूपाने व परिणामाने इतके भिन्न असलेले हे रोग एका कुलात का मोडतात? विषाणूंच्या रचनेत साम्य आहे हे एक कारण. परंतु सामान्य वाचकाने लक्षात ठेवावे असे कारण दुसरेच आहे. या कुलातील विषाणू शरीरात एकदा शिरला की पुन्हा बाहेर पडत नाही. रोग बरा होतो, खपल्या गळतात, ताप उतरतो. पण विषाणू मात्र शरीरातील ठराविक पेशींत निद्रिस्त राहतो आणि वार्धक्य, आजार वा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती उणावली की पुन्हा जागा होऊ शकतो. पहिल्या प्रकाराच्या हर्पिसची बाधा जगातील ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांना झालेली आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांना आपण बाधित आहोत याची जाणीवही नसते. साथ येते आणि जाते असे आपण म्हणतो. हे कुल मात्र येते आणि राहते.

सर्प आणि हर्पिस

'हर्पिस' हा शब्द परका वाटतो, परंतु त्याचे मूळ परके नाही. 'हेर्पेइन' या ग्रीक धातूचा अर्थ सरपटणे असा आहे. संस्कृतातील आद्य सकार ग्रीकमध्ये हकार होतो. 'सप्त' आणि 'हेप्टा' ही जोडी प्रसिद्धच आहे. त्याच नियमाने संस्कृत 'सृप्' आणि ग्रीक 'हेर्प्' हे एकाच आदिधातूचे दोन उच्चार ठरतात. लॅटिनमधील 'सेर्पेरे' हाही त्यांचाच सहोदर. म्हणजे 'सर्प' आणि 'हर्पिस' हे शब्द एका घरचे आहेत. त्वचेवर सरपटत जाणाऱ्या व्याधीला ग्रीक वैद्यांनी हे नाव दिले. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अशाच पसरणाऱ्या व्याधींना 'विसर्प' म्हटले असून त्यास स्वतंत्र अध्याय दिला आहे. विसर्प म्हणजे आजची नागीणच असे समीकरण मात्र मांडता येत नाही. त्या एका संज्ञेखाली आज निरनिराळे मानले जाणारे अनेक रोग येत असावेत. मराठीत ज्याला 'धावरे' म्हणतात तो जंतुजन्य दाहही त्यांपैकी एक. 'धावरे' या नावातही धावण्याचीच कल्पना आहे, हे लक्षणीय होय.

लोकभाषांनी या रोगाला नाव देताना सर्वत्र दोन-तीनच प्रतिमा वापरल्या आहेत. 'झोस्टर' म्हणजे ग्रीकमध्ये कमरपट्टा. इंग्रजीतील 'शिंगल्स' हा शब्दही कमरपट्ट्याच्या लॅटिन नावावरून आला. जर्मन भाषेत तो 'पट्ट्याचा गुलाब' आहे, तर डेन्मार्क व नॉर्वेत 'नरकाचा अग्नी'. मराठीने सरपटणे, विळखा आणि दाह या तिन्ही गोष्टी 'नागीण' या एका शब्दात आणल्या. वर्णन म्हणून हे नाव इतके समर्पक आहे की त्याहून चांगले नाव सुचविणे कठीण. अडचण वर्णनात नाही. त्यातून निघणाऱ्या अनुमानात आहे.

विळख्याची समजूत

नागिणीचे तोंड आणि शेपूट एकत्र आले, म्हणजे पुटकुळ्यांचा पट्टा अंगाभोवती पुरा झाला, की रोगी दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. मग नागीण 'उतरवणारा' जाणकार शोधला जातो. कोणी गेरूचा लेप देतो, कोणी दूर्वा व तांदूळ वाटून लावतो, कोणी मंत्र घालतो. या समजुतीला केवळ अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ती टिकली का हे त्याने कळत नाही.

तिच्या टिकण्याचे कारण रोगाच्या शरीरशास्त्रातच आहे. कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागंडांत दडून बसतो. प्रत्येक गंडातून निघणारी मज्जा शरीराच्या एकाच बाजूच्या एका पट्ट्याला संवेदना पुरविते. एखाद्या गंडातील विषाणू जागा झाला की तो त्या मज्जेच्या वाटेने त्वचेकडे येतो, आणि म्हणून पुटकुळ्या पाठीपासून पोटाच्या मध्यरेषेपर्यंत येऊन तेथेच थांबतात. दुसऱ्या बाजूची मज्जा वेगळी, तिचा गंड वेगळा. तेव्हा सामान्यतः विळखा पुरा होतच नाही. शिवाय पुटकुळ्या दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात. ज्याने लेप दिला त्याचा लेप लागू पडला, ज्याने मंत्र घातला त्याचा मंत्र फळला. जे घडणारच नव्हते ते टळल्याचे श्रेय प्रत्येक उपायाला मिळाले. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे अशा थोड्या रोग्यांत पुटकुळ्या दोन्ही बाजूंना व सर्वांगावर पसरतात आणि तेव्हा जिवाला खरोखरच धोका असतो. लोकसमजुतीत सत्याचा अंश असलाच तर तो एवढाच.

खरी हानी दुसरीकडे होते. ॲसायक्लोव्हिर हे औषध व त्याच्या वर्गातील इतर औषधे पुटकुळ्या दिसू लागल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वांत गुणकारी ठरतात. ॲसायक्लोव्हिर आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या सूचीत आहे. ते दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहेत ते तीन दिवस. मोखाड्याच्या पाड्यावरील वृद्धेने पहिले तीन दिवस जाणकाराची वाट पाहण्यात घालविले, तर तिची नागीण जाईल, पण पुढे महिनोन्महिने तिच्या मज्जांमध्ये आग होत राहण्याचा संभव वाढेल. ९० दिवसांहून अधिक टिकणाऱ्या या वेदनेत अंगावरचा पदरही सहन होत नाही. नागीण कपाळावर व डोळ्याभोवती उठली आणि उपचार लांबला, तर दृष्टी जाण्याचाही धोका असतो. येथे विळख्याचा तर प्रश्नच नसतो. त्यामुळे घरच्यांना ती नागीण वाटतच नाही, आणि जिथे घाई सर्वाधिक हवी तिथेच ती होत नाही. नाव जे चित्र डोळ्यांपुढे उभे करते, त्या चित्रात न बसणारा रोगी असा निसटतो.

एक विषाणू, दोन नावे

मराठीत 'कांजिण्या' आणि 'नागीण' या शब्दांत काहीही नाते नाही. एक मुलांचा सौम्य, देवीच्या धाकट्या बहिणीसारखा मानलेला आजार. दुसरा प्रौढांचा, सर्पाशी जोडलेला. हे दोन्ही एकाच विषाणूचे आविष्कार आहेत, हे वैद्यकालाही फार काळ ठाऊक नव्हते. नागीण झालेल्या मोठ्या माणसाच्या सहवासानंतर घरातील मुलांना कांजिण्या येतात, हे हंगेरीतील बोकाई या वैद्याने १८८८ च्या सुमारास ध्यानात घेतले. नागिणीच्या पुटकुळीतील द्रव मुलांना टोचल्यास त्यांना कांजिण्या येतात, हे १९२५ साली कुंड्रॅटिट्झ याने दाखविले. १९५० नंतरच्या दशकात टॉमस वेलर याने दोन्ही रोगांतील विषाणू प्रयोगशाळेत वाढवून ते एकच असल्याचे सिद्ध केले.

तरीही तो विषाणू मधली चाळीस-पन्नास वर्षे कोठे असतो, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर मोठ्या संस्थेतून आले नाही. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या लहान गावी एडगर होप-सिम्प्सन नावाचा साधा कुटुंबवैद्य होता. १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांत आपल्याकडे आलेल्या नागिणीच्या १९२ रोग्यांची त्याने नोंद ठेविली आणि १९६५ साली असे प्रतिपादन केले की नागीण बाहेरून लागत नाही. बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातच दडून राहतो आणि वय वाढून प्रतिकारशक्ती उणावली की तो पुन्हा उठतो. पुढील संशोधनाने हे मत खरे ठरविले. एका गावाच्या नोंदवहीतून सर्व जगाला उपयोगी पडणारा सिद्धान्त निघाला, ही गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्यांनी विसरू नये.

या एकत्वाचा व्यवहारात अर्थ काय? नागीण झालेल्या आजोबांकडून नातवाला नागीण होत नाही. पण नातवाला कांजिण्या पूर्वी झालेल्या नसतील व लसही मिळालेली नसेल, तर पुटकुळ्यांतील द्रवाच्या संपर्काने त्याला कांजिण्या होऊ शकतात. पुटकुळ्या झाकून ठेवल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो. घरात गरोदर सून असेल तर ही काळजी अधिकच महत्त्वाची. कारण प्रसूतीच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या काळात मातेला कांजिण्या आल्यास नवजात बालकाचा आजार प्राणघातक ठरू शकतो. भाषेने दोन नावे दोन ठिकाणी ठेवल्यामुळे आजोबांची नागीण आणि सुनेची प्रसूती यांचा संबंध घरातील कोणाच्याही मनात येत नाही.

बोईसर-तारापूरच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. थंड देशांत कांजिण्या बहुधा बालपणीच होऊन जातात; उष्ण प्रदेशांत मात्र कित्येक माणसे त्या न होताच प्रौढ होतात. प्रौढाला होणाऱ्या कांजिण्या सौम्य नसतात. त्यांत न्यूमोनिया होण्याचा संभव मुलांपेक्षा बराच अधिक. फोड दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस संसर्ग सुरू होतो आणि सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत तो राहतो. कारखान्यांतील कामगार जेथे एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपतात, किंवा आश्रमशाळेची मुले जेथे एका दालनात राहतात, तेथे हा आजार खोलीचा होतो, एकट्याचा राहत नाही.

'माता' म्हणजे कोणता रोग?

अशा खोलीतील कामगार आरोग्यसेविकेला सांगतो, 'माता निकली है.' हिंदीभाषक प्रदेशांत 'छोटी माता' म्हणजे कांजिण्या. परंतु नुसत्या 'माता' या शब्दाने कांजिण्याही सुचतात आणि गोवरही. शेजारचा गुजराती दुकानदार कांजिण्यांना 'अछबडा' म्हणेल. मराठीत गोवर व कांजिण्या ही नावे स्पष्टपणे भिन्न आहेत. पण सेविकेने 'माता' या शब्दाचे भाषांतर चुकीचे केले तर नोंद चुकीच्या रकान्यात जाईल. हा दोष क्षुल्लक नाही. गोवर हा अगदी वेगळ्या कुलातील विषाणू असून त्याचे प्रत्येक संशयित प्रकरण तपासणे आवश्यक मानले जाते. २०२२ साली मुंबईत गोवराची जी साथ आली तिने हे पुन्हा दाखवून दिले.

नावांच्या या गोंधळाचा सामना देशाने पूर्वीही केलेला आहे. १९७३ ते १९७५ या काळात देवीच्या रोगाच्या निर्मूलनासाठी घरोघर शोध घेतला गेला, तेव्हा देवी व कांजिण्या यांत फरक करणे हे कामाचे मर्म होते. एकच शब्द गावोगाव निराळ्या रोगाला लावला जात असल्यामुळे शब्दांवर भिस्त न ठेवता कार्यकर्त्यांच्या हाती देवी आलेल्या बालकाचे रंगीत चित्र असलेले कार्ड देण्यात आले. 'असे कोणी पाहिले का?' हा प्रश्न सर्व भाषांत सारखाच कळला. १९७५ च्या मे महिन्यात भारतातील देवीचा अखेरचा रोगी नोंदला गेला आणि १९८० साली जगातून त्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले. चित्राने शब्दाची उणीव भरून काढल्याचे याहून मोठे उदाहरण नाही.

नाव असण्याची लाज, नाव नसण्याची हानी

इंग्रजी नाव घेतल्याने प्रश्न सुटत नाही. तो कधी कधी बिकट होतो. नागिणीच्या रोग्याच्या कागदावर 'हर्पिस झोस्टर' असे लिहिले जाते. घरातील शिकलेला मुलगा त्यातील पहिलाच शब्द वाचतो, आणि तो शब्द त्याने लैंगिक रोगाच्या संदर्भात ऐकलेला असतो. वास्तविक ते दोन विषाणू एका कुलातील असले तरी निराळे आहेत. नागिणीचा लैंगिक संबंधाशी काहीही संबंध नाही. पण एका शब्दामुळे वृद्ध रोग्याकडे संशयाने पाहिले जाते, वा तो स्वतःच कागद लपवितो. उलट ज्याला खरोखर दुसऱ्या प्रकाराचा हर्पिस झाला आहे तो तर बोलतच नाही. कुलनाम आणि व्यक्तिनाम यांतील भेद समजावून सांगणे हे औषध लिहून देण्याइतकेच आवश्यक आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला नाव नसलेले रोग आहेत. सायटोमेगॅलो विषाणूला मराठीत रूढ असे नाव नाही. भारतातील बहुसंख्य प्रौढांना त्याची बाधा केव्हा ना केव्हा होऊन गेलेली असते व ती जाणवतही नाही. परंतु गर्भावस्थेत बालकाला तो संसर्ग झाल्यास जन्मतः वा पुढे काही काळाने त्यास बहिरेपणा येऊ शकतो. आनुवंशिक नसलेल्या जन्मजात बहिरेपणाच्या कारणांत या विषाणूचे स्थान फार वरचे आहे. ज्याला नाव नाही त्याची कोणी विचारपूस करीत नाही. मूल उशिरा बोलते आहे एवढेच आई म्हणते, आणि भाषा शिकण्याचे मोलाचे वय निघून जाते.

नोंदीचीही हीच कथा. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या साथींच्या वृत्तांत कांजिण्यांच्या साथी नियमाने आढळतात. नागीण साथीचा रोग नसल्यामुळे ती तेथे येत नाही. कांजिण्यांची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट नाही. पन्नाशीनंतर घ्यावयाची नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतात मिळू लागली आहे, परंतु तिची किंमत मजुराच्या आवाक्याबाहेरची आहे. तेव्हा या परिसरात तूर्त सर्वांत स्वस्त साधन उरते ते वेळीच ओळखण्याचे, आणि ओळख शब्दावर अवलंबून असते.

काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे तालुकावार शब्दसूची. वारली, कोकणा, कातकरी, मांगेली, वाडवळी, गुजराती व हिंदी बोलणारे लोक कांजिण्या, गोवर, नागीण व ओठावरच्या पुटकुळ्या यांना काय म्हणतात, याची नोंद आशा कार्यकर्त्या व भाषेचे विद्यार्थी मिळून एका हंगामात करू शकतील. डहाणू येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन कक्ष आहे. असे काम त्याच्याही उपयोगाचे ठरेल. दुसरी गोष्ट, देवीच्या काळातील कार्डाप्रमाणे चित्रांचे कार्ड. त्यात कमरेवरील नागिणीबरोबर डोळ्याभोवतीची नागीण अवश्य असावी.

तिसरी गोष्ट नावाविषयीची. 'नागीण' हा शब्द टाकून देऊन त्या जागी परभाषेतील संज्ञा बसविण्याचा आग्रह व्यर्थ आहे. शब्द उपटावा लागत नाही, त्यात नवा अर्थ भरता येतो. 'देवी' हाच शब्द पाहावा. जो शब्द एके काळी कोपाचा वाचक होता, तोच 'देवी काढणे', 'देवी टोचणे' या प्रयोगांत लसीचा वाचक झाला, आणि दंडावरच्या वणासह तो लोकांनी निर्भयपणे वागविला. नागिणीचेही तसे होऊ शकेल. त्यासाठी एक लहानसे वाक्य पुरे : 'नागीण म्हणजे अंगात झोपलेल्या कांजिण्या जाग्या होणे, तीन दिवसांच्या आत दवाखाना गाठावा.' या वाक्यात दोन्ही नावे जागच्या जागी आहेत, दोहोंमधील तुटलेले नाते जोडले गेले आहे, आणि विळखा पुरा होण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. ते तलासरीपासून वसईपर्यंत प्रत्येक बोलीत कसे म्हणावे, हे शोधून काढणे हेच भाषाभ्यासकाचे या कार्यातील काम होय.